काचेमागच्या माणसाला घराणे कोणते?

1976 साली निघालेली रामोन्स या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका ऐकताना एक साधा प्रयोग करून पाहावा. दोन्ही कानांत इयरफोन घालून पहिले गाणे सुरू करावे आणि मध्येच उजव्या कानातला काढून टाकावा. गिटार जवळजवळ नाहीशी होते. मागे राहतात ते ड्रम्स, गाणाऱ्याचा आवाज आणि डाव्या कानात धडधडणारी बेस गिटार. आता उजवा परत घालून डावा काढावा. बेस गेली, आणि कानाशी कोणी करवत चालवावी तशी गिटार तेवढी उरली. पंक रॉक म्हणजे चार चिडलेल्या पोरांनी एका खोलीत शिरून जमेल तसा घातलेला गोंधळ, अशी ज्यांची समजूत असेल (माझी बरीच वर्षे होती) त्यांना हा प्रयोग विचारात पाडतो. गोंधळाची अशी डावीकडे-उजवीकडे नीटस वाटणी झालेली नसते. ती कोणीतरी बसून, ऐकून, ठरवून केलेली आहे.

ती करणाऱ्याचे नाव क्रेग लिऑन. 1952 साली फ्लोरिडातल्या मायामीत जन्मलेले लिऑन सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या सायर रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीत नवे कलाकार हेरण्याच्या कामावर होते. रामोन्सची पहिली ध्वनिमुद्रिका, ब्लॉन्डी या बँडची अगदी सुरुवातीची गाणी, सुइसाइड या जोडगोळीची पहिली तबकडी हे सारे त्यांच्या हातून गेले. याच माणसाने पुढे ऑपेरागायक लुचानो पाव्हारोत्ती, बासरीवादक जेम्स गॉलवे, व्हायोलिनवादक जोशुआ बेल आणि काउंटरटेनर (स्त्रीस्वराच्या उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक) आंद्रेआस शोल यांच्यासाठी काम केले, तंतुवाद्यवृंदासाठी संयोजने लिहिली, आणि 2015 साली योहान सेबास्टियन बाख यांच्या रचना मूग सिंथेसायझर (विजेवर सूर निर्माण करणारे वाद्य) आणि वाद्यवृंद यांच्या जोडीने सोनी क्लासिकलसाठी ध्वनिमुद्रित केल्या. अशा माणसाविषयी लिहिताना बहुतेक जण ‘दोन टोके’, ‘विलक्षण प्रवास’ अशी भाषा वापरतात. मला ती भाषाच तपासून पाहावीशी वाटते, कारण तिच्यात एक प्रश्न गृहीत धरून सोडवून टाकलेला आहे. ही खरोखर दोन टोके आहेत का? आणि असलीच, तर कोणासाठी?

अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकादमीचे उत्तर सरळ आहे. तिच्या ग्रॅमी पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्तम प्रोड्युसर, म्हणजे ध्वनिमुद्रण घडवून घेणारा माणूस, एक नसतो, दोन असतात: एक ‘क्लासिकल’ आणि दुसरा ‘नॉन-क्लासिकल’. प्रोड्युसरसाठीचा पुरस्कार 1975 साली सुरू झाला आणि पाच वर्षांनी क्लासिकलवाल्यांची पंगत वेगळी मांडली गेली. गंमत अशी की दुसऱ्या पंगतीला आज स्वतःचे नावसुद्धा नाही. पहिलीत न बसणारे सगळे दुसरीत, एवढीच तिची ओळख. पंक, जाझ, हिपहॉप, लोकसंगीत, सगळे एका ‘नॉन’ खाली. आपल्या आकाशवाणीने निदान ‘सुगम संगीत’ असा होकारार्थी शब्द तरी योजला, मग त्यातून उरलेले संगीत दुर्गम ठरले तरी बेहत्तर.

गायक-वादकांच्या बाबतीत अशी विभागणी मला समजू शकते. ऑपेरा गाणाऱ्याचा गळा आणि जोई रामोनचा गळा वेगवेगळ्या मापांनीच मोजावे लागतील. प्रोड्युसरच्या बाबतीत मात्र ही भिंत एका दुहेरी गैरसमजावर उभी आहे. शास्त्रीय संगीताची रेकॉर्ड ‘टिपली’ जाते, तिथे बनवण्यासारखे काही नसते, हा त्या गैरसमजाचा एक अर्धा भाग. आणि पंकसारख्या रांगड्या संगीतात बनवण्याइतके काही नसतेच, हा दुसरा. दोन्हीकडून निष्पन्न एकच होते. स्टुडिओच्या काचेमागे बसलेला माणूस दिसेनासा होतो. लिऑन यांचे काम या दोन्ही समजुतींवर एकाच वेळी बोट ठेवते, म्हणून ते महत्त्वाचे.

दुसऱ्या समजुतीपासून सुरुवात करतो. मॅनहॅटनच्या बावरी रस्त्यावर सीबीजीबी नावाचा बार होता. कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या प्रकारांची आद्याक्षरे त्याच्या नावात होती, कारण 1973 च्या अखेरीस तो सुरू करणाऱ्या हिली क्रिस्टल यांना तिथे ते संगीत व्हायला हवे होते. झाले भलतेच. क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सचे चार तरुण, म्हणजेच रामोन्स, तिथे यायचे आणि जेमतेम वीस मिनिटांत गाण्यामागून गाणी उरकून निघून जायचे. 1975 मध्ये लिऑन यांनी त्यांना ऐकले आणि कंपनीचे प्रमुख सिमोर स्टाइन यांच्याकडे त्यांची बाजू लावून धरली. फेब्रुवारी 1976 मध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. एकूण सात दिवस लागले: तीन वाद्यांना, चार गाण्याला. खर्च आला 6,400 डॉलर. रॉकमधले नावाजलेले बँड महिनोन्महिने स्टुडिओ अडवून बसत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

चौदा गाणी, सगळी मिळून सुमारे 29 मिनिटे, आणि एकही गाणे तीन मिनिटांपर्यंत पोचत नाही. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटायला हवे. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि आपल्या बुजुर्गांनी तेवढ्यात ख्याल बसवला: थोडी बढत, चार ताना, मुखडा धरून समेवर, की संपले. त्यांच्यावर तंत्राची सक्ती होती. रामोन्सवर तशी कुठलीच नव्हती. एलपीच्या एका बाजूवर वीस मिनिटे आरामात मावत होती. त्यांनी आखडतेपणा आपणहून पत्करला, आणि प्रोड्युसरचे पहिले काम तो आखडतेपणा सांभाळण्याचे होते. गिटारचे ऐसपैस एकल वादन नाही, मधली वळणे नाहीत, नरमाई नाही. काय घालायचे नाही हे ठरवणे आणि त्यावर सात दिवस ठाम राहणे हा निर्णय असतो. ऐकणाऱ्याला तो दिसत नाही एवढेच.

दुसरे काम घालण्याचे होते आणि ते तर आणखीच लपलेले आहे. गिटारचे आणि गळ्याचे थर एकावर एक चढवलेले आहेत. मायक्रोफोन मांडण्याची पद्धत वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात वापरतात तशा धर्तीची होती. सुरुवातीला ज्या प्रयोगाविषयी लिहिले ती डावी-उजवी वाटणी साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या बीटल्सच्या स्टिरिओ तबकड्यांवरून उचललेली, आणि मुद्दाम अतिशयोक्त केलेली. म्हणजे जगातल्या पहिल्या काही पंक ध्वनिमुद्रिकांपैकी एक तयार होत असताना काचेमागच्या माणसाच्या कानात एकीकडे सिम्फनीची खोली होती आणि दुसरीकडे लंडनच्या स्टुडिओतले दशकभर जुने तंत्र. या कामात बँडचा ड्रमर टॉमी एर्डेली सहयोगी प्रोड्युसर होता हेही नोंदवायला हवे. लिऑन यांनी अडाणी पोरांना वळण लावले, अशी गोष्ट कोणी रचू नये. पोरे अडाणी नव्हती.

ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. बिलबोर्डच्या यादीत ती 111 व्या क्रमांकाच्या वर चढली नाही, आणि अमेरिकेत पाच लाख प्रतींचे ‘गोल्ड’ प्रमाणपत्र मिळायला 2014 साल उजाडले. मूळ चौघांपैकी तोवर एकटा टॉमी हयात होता, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तोही गेला.

सुइसाइडची 1977 ची ध्वनिमुद्रिका याहून टोकाची आहे. गाणारा ॲलन व्हेगा, कळफलकावर मार्टिन रेव्ह, सोबतीला तालयंत्र, बस्स. रॉकची तबकडी, पण गिटार नाही, ड्रमर नाही. लिऑन आणि मार्टी थाऊ या दोन प्रोड्युसरांनी त्या दोन माणसांभोवती प्रतिध्वनींची अशी पोकळी उभी केली की व्हेगाचा हुंकार एखाद्या रिकाम्या गुदामातून येत असावा. जमैकातल्या डब या प्रतिध्वनींवर उभ्या असलेल्या संगीतप्रकाराची आठवण करून देणारे हे तंत्र. त्यातले दहा मिनिटांहून लांब असलेले एक गाणे मी आजवर दोनदाच पूर्ण ऐकू शकलो आहे, आणि तिसऱ्यांदा ऐकण्याची इच्छा नाही. पण संगीतकार जेव्हा एवढेच साहित्य घेऊन येतो तेव्हा अवकाश हेच वाद्य होते, आणि ते वाद्य काचेमागे वाजवले जाते, हे तिथे जितके स्वच्छ कळते तितके क्वचितच कुठे.

आता पहिली समजूत: शास्त्रीय संगीताची रेकॉर्ड म्हणजे घडलेल्या मैफलीचा इमानदार पुरावा. युरोपीय अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास उघडला की ही समजूत पहिल्या काही पानांतच गळून पडते. 1952 साली विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांच्या वाद्यसंचालनाखाली वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’चे ध्वनिमुद्रण झाले, ते आजही त्या ऑपेराचे मानबिंदू मानले जाते. इझोल्डे गाणाऱ्या कर्स्टेन फ्लागस्टाड तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि वरच्या टिपेच्या स्वरांची त्यांना खात्री उरली नव्हती. ते स्वर एलिझाबेथ श्वार्त्सकोफ यांनी गायले, ज्यांचा प्रोड्युसर वॉल्टर लेग यांच्याशी पुढे विवाह झाला. एका बाईच्या गळ्यातून दुसरीचा स्वर. पंकवाल्यांपैकी कोणी असे केले असते तर त्याला ढोंगी म्हटले गेले असते.

लेग यांचे निदान झाकण्याकडे लक्ष होते. डेक्का या कंपनीचे प्रोड्युसर जॉन कल्शॉ यांनी झाकायचे कारणच ठेवले नाही. 1958 ते 1965 या काळात व्हिएन्नातल्या सोफिएनझाल या एकेकाळच्या स्नानगृहात त्यांनी वाद्यसंचालक गेऑर्ग शोल्टी यांच्यासोबत वाग्नरच्या ‘रिंग’ची चारही नाटके मुद्रित केली. रंगमंचावर काय घडते आहे हे घरात बसलेल्या माणसाला केवळ कानांनी ‘दिसले’ पाहिजे, यासाठी गायकांच्या हालचाली स्टिरिओच्या डाव्या-उजव्या पट्टीवर आखून घेतल्या. वाग्नरने संहितेत वाजवण्यासाठी 18 ऐरणी लिहिल्या आहेत. नाट्यगृहे तिथे काटकसर करतात. कल्शॉ यांनी ऐरणी मिळवल्या आणि वाजवल्या. शेवटच्या नाटकात सीगफ्रीड दुसऱ्याचे रूप घेऊन येतो तिथे गायकाचा आवाज यंत्राने गडद करून टाकला. नाट्यगृहातल्या कुठल्याही खुर्चीवरून असे कधीच ऐकू आले नसते. म्हणजे ही रेकॉर्ड कशाचीही नक्कल नाही. ती स्वतःच मूळ वस्तू आहे.

पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी तर 1964 साली मैफलींना रामराम ठोकून स्टुडिओतच ठाण मांडले. बाखच्या एका फ्यूगचे (एकच सुरावट अनेक स्वररेषांत आळीपाळीने येते अशी रचना) दोन टेक, म्हणजे दोनदा वाजवून केलेली मुद्रणे, त्यांना अपुरे वाटले. एक जास्तच भारदस्त, दुसरा जास्तच खेळकर. म्हणून सुरुवात आणि शेवट एका टेकचा आणि मधला भाग दुसऱ्याचा, असे फीत कापून जोडले. आपल्याकडच्या कट्टर श्रोत्याला हे ऐकून धक्का बसतो. मला त्यात अप्रामाणिकपणा दिसत नाही. गूल्ड यांनी हे सारे स्वतः लेख लिहून जाहीर सांगितले होते.

हे लक्षात घेतले की लिऑन यांचा शास्त्रीय संगीताकडचा प्रवास ‘उडी’ वाटेनासा होतो. रामोन्सच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी दोन वाद्ये दोन टोकांना ठेवून मधली जागा गळ्यासाठी आणि ड्रम्ससाठी मोकळी ठेवली, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते. बाखच्या काउंटरपॉइंटमध्ये नेमकी हीच अडचण असते. तीन-चार स्वररेषा एकाच वेळी आपापल्या वाटेने चाललेल्या, आणि एकीने दुसरीला गिळता कामा नये. 1968 साली वेंडी कार्लोस यांनी मूग सिंथेसायझरवर बाख वाजवून दाखवला तेव्हा त्या यंत्रातून एका वेळी एकच स्वर निघे, त्यामुळे प्रत्येक रेषा स्वतंत्रपणे फितीवर चढवावी लागे. लिऑन यांनी 2015 साली, रॉबर्ट मूग यांच्या मृत्यूला दहा वर्षे झाली त्या वर्षी, नव्याने बनवलेल्या जुन्या घडणीच्या मूगसोबत जेनिफर पाइक यांचे व्हायोलिन आणि पोलंडचा सिन्फोनिएत्ता क्राकोविया हा वाद्यवृंद घेतला. लाकडाचा आणि विजेचा आवाज शेजारी बसवायचा असेल तर कोणता पुढे, कोणता मागे, कोणता किती कोरडा, हे प्रत्येक मात्रेला ठरवावे लागते. हे काम त्यांनी बावरीतल्या त्या पोरांसोबतच केले होते.

मधल्या वर्षांकडे धावतीच नजर टाकतो. 1981 ची त्यांची स्वतःची ‘नॉमोस’ ही सिंथेसायझरची ध्वनिमुद्रिका मालीतल्या डोगोन लोकांच्या पुराणकथेवर बेतलेली आहे, आणि तिचे बीज 1973 साली ब्रुकलिन संग्रहालयात पाहिलेल्या डोगोन शिल्पांच्या प्रदर्शनात आहे. 1990 साली मँचेस्टरच्या द फॉल या बँडसोबत त्यांनी काम केले. ब्लॉन्डी पुन्हा एकत्र आल्यावर तिचे ‘मारिया’ हे गाणे त्यांच्याच हाताखाली घडले आणि 1999 साली ब्रिटनच्या यादीत पहिले आले, ब्लॉन्डीचे एखादे गाणे तिथे पहिल्यांदा अव्वल ठरल्यानंतर बरोबर वीस वर्षांनी. 2001 मध्ये आंद्रेआस शोल यांच्या लोकगीतांची संयोजने आणि 2003 मध्ये जोशुआ बेल यांच्या व्हायोलिनसाठी लिहिलेली ऑपेरांतल्या सुरावटींची रूपे हेही त्यांचेच काम.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. शास्त्रीय संगीताच्या प्रोड्युसरला स्वरलिपी वाचता यावी लागते. समोर वाद्यवृंद वाजत असताना डोळ्यांसमोर संहिता उघडी असते, आणि चौसष्टाव्या मात्रेवर दुसऱ्या ओबोचा स्वर पडला हे त्याने त्याच क्षणी पेन्सिलीने टिपून ठेवले नाही, तर वाद्यवृंदाचे बिल वाढत जाते. रॉकच्या प्रोड्युसरला हे लागत नाही. त्याला कदाचित गायकाची मनधरणी, भांडणे मिटवणे आणि तालयंत्राची जुळवाजुळव जास्त येते. कौशल्ये वेगळी आहेत, मग पुरस्कार वेगळे का नसावेत? याला उत्तर असे की कौशल्यांतला हा फरक खरा असला तरी तो ‘क्लासिकल’च्या सीमेवरून जात नाही. जाझच्या वाद्यवृंदाच्या प्रोड्युसरलाही संहिता वाचावी लागते, चित्रपटसंगीताच्या प्रोड्युसरलाही. उलट एकट्या पियानोवादकाचे शुबर्ट मुद्रित करणारा आणि एकट्या गिटारसह गाणाऱ्याचे ध्वनिमुद्रण करणारा यांच्यात अंतर फार थोडे असते. सीमा कौशल्याची असती तर ती कुठेतरी अन्यत्र पडली असती. ती प्रतिष्ठेची आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि त्याच्याशी मी अर्धा सहमत आहे. नव्वदच्या दशकानंतर ‘क्रॉसओव्हर’ नावाने जे संगीत बाजारात आले, त्यात साखर फार. ऑपेराची एखादी सुरावट घ्यायची, तिच्याखाली तंतुवाद्यांची गादी अंथरायची आणि कव्हरवर धुक्यातला फोटो छापायचा. लिऑन यांच्या यादीतही अशा काही गोष्टी आहेत, आणि रामोन्सच्या तबकडीतला धीटपणा तिथे शोधायला गेलो तर मला तो सापडत नाही. दोन दुनियांमध्ये फिरणारा प्रत्येक माणूस दोन्हीकडे तितकाच चांगला असतो असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की त्याची वाईट कामे ज्या कारणाने वाईट आहेत ते कारण ‘तो पंकमधून आला’ हे नाही. ‘नको’ म्हणण्याची जी शिस्त 1976 मध्ये त्याच्याकडे होती ती तिथे ढिली पडली, हे आहे.

या वादात एक तिसरा माणूस उभा राहतो आणि दोन्ही बाजूंची पंचाईत करतो. शिकागोचे स्टीव्ह अल्बिनी (मृत्यू 2024) स्वतःला प्रोड्युसर म्हणवून घेतच नसत. रेकॉर्डवर ‘ध्वनिमुद्रण: अल्बिनी’ एवढेच असावे, आणि रॉयल्टी घ्यायची नाही, नळ दुरुस्त करणाऱ्यासारखे काम करून ठरलेले पैसे घ्यावेत, असे त्यांनी 1992 साली निर्वाणा या बँडला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगितले. पंकच्या जगातले हे अगदी सोवळे मत. ते ऐकून हसू येते, कारण शास्त्रीय संगीताचे सोवळे लोक शब्दशः हेच सांगतात: आम्ही फक्त मायक्रोफोन लावतो. पण अल्बिनींचे ड्रम्स दुसऱ्या कोणाच्याही ड्रम्ससारखे वाजत नाहीत. खोलीचा आवाज पकडण्याची त्यांची पद्धत इतकी स्वतःची होती की ती ओळखू येते. आपण अदृश्य आहोत असे म्हणणाऱ्यालाही हस्ताक्षर असतेच. पैशांच्या बाबतीत त्यांचे धोरण सचोटीचे होते हे मान्य. कर्तेपणाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मला पटत नाही.

हा सगळा वाद आपल्याला परका वाटायचे कारण नाही. 1902 च्या एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी मिलानच्या एका हॉटेलात ऑपेरागायक एन्रिको कारूसो यांचे ध्वनिमुद्रण केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात गौहर जान यांना कर्ण्यासमोर बसवले. गायसबर्ग यांनी कोणत्या घराण्याचा कान वापरला, हे विचारणे व्यर्थ आहे. गौहर जान यांनी तबकडीच्या शेवटी आपले नाव स्वतः उच्चारले, ते आजही ऐकू येते. कर्ण्यापासून किती दूर बसायचे, तीन मिनिटे भरत आली की खूण कशी करायची, हे ठरवणाऱ्याचे नाव मात्र त्या तबकडीवर कुठे उमटलेले नाही.

आणि आपल्या मराठीत तर लिऑन यांच्या आधीचे उदाहरण आहे. ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गाऊन मराठी भावगीताचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतले जाते, ते जी. एन. जोशी एचएमव्हीमध्ये कित्येक दशके ध्वनिमुद्रणाच्या कामात होते. भावगीत गाणारा हा माणूस बडे गुलाम अली खाँ, आमीर खाँ यांच्यासारख्या उस्तादांची ध्वनिमुद्रणे घडवून आणत होता, त्यांची मनधरणी करत होता. 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार यांची म्हणून जगभर माहीत आहे. पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस रंगवायचा, ही गोष्ट कुठल्याही मैफलीत घडली नव्हती. ती रेकॉर्डसाठीच योजलेली, रेकॉर्डमध्येच अस्तित्वात असलेली वस्तू आहे, आणि ती घडवण्यामागे जोशी होते. शास्त्रीय संगीताच्या सोवळ्याला न जुमानणारी गिटार तिथे संतूरशेजारी येऊन बसली. ही तबकडी कौतुकाने ऐकणाऱ्या दहा जणांना जोशींचे नाव विचारून पाहावे.

आपल्याकडे अडचण शब्दापासूनच आहे. प्रोड्युसरला मराठीत ‘निर्माता’ म्हणावे, तर डोळ्यांसमोर चित्रपटात पैसे घालणारा माणूस येतो. ‘संगीत संयोजक’ म्हणावे तर तो वाद्ये बसवणारा. काचेमागे बसून ‘हा टेक ठेवू, तो नको’ म्हणणाऱ्याला नाव नाही, आणि नाव नसलेल्याचे श्रेय कोण देणार? कायदा या गोंधळात भरच घालतो. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे प्रोड्युसर, आणि प्रोड्युसर म्हणजे ते तयार करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. वाचताना वाटते, चला, कायद्याने तरी त्याला ओळखले. व्यवहारात हा शब्द जाऊन चिकटतो तो कंपनीला. पुढाकार तिचा, जबाबदारी तिची, म्हणून कर्तेपणही तिचे. काचेमागचा माणूस पगार घेऊन घरी जातो आणि साठ वर्षे हक्क कंपनीकडे राहतात. पैशांच्या वाटपाबद्दल मी इथे बोलत नाही. त्यावर दोन मते असू शकतात. कर्तेपणाची नोंद मात्र पैशांपासून वेगळी काढता येते आणि काढली पाहिजे. जुन्या ध्वनिमुद्रणांचे संच ज्या कंपन्या आज फोनवर चढवत आहेत, त्यांच्या कपाटांत मुद्रणाच्या दिवसाच्या नोंदी असतील तर गायक-वादकांच्या नावांखाली आणखी एक ओळ घालणे त्यांना अवघड नाही. ग्रॅमीवाल्यांना दोन पंगतींची एक करणे त्याहूनही सोपे आहे. फक्त ‘नॉन’ हा उपसर्ग पुसावा लागेल, आणि कल्शॉ यांचा वारसा सांगणारे व लिऑन यांचा वारसा सांगणारे एकाच यादीत बसल्याने कोणाचे काही बिघडणार नाही.

2016 साली रामोन्सच्या त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला चाळीस वर्षे झाली तेव्हा लिऑन यांनी तिचे नवे मोनो मिश्रण केले. त्यासाठी ते लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत गेले. 1931 साली तो स्टुडिओ सुरू झाला तेव्हा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासमोर संगीतकार एडवर्ड एल्गार उभे होते, आणि ज्यांच्या स्टिरिओची अतिशयोक्ती 1976 मध्ये केली गेली होती ते बीटल्सही तिथलेच. मोनोमध्ये डावे-उजवे नसते. सगळे एकाच ठिकाणाहून येते आणि उजव्या कानातला इयरफोन काढला तरी गिटार तिथेच असते. चौदा गाण्यांपैकी कोणते कोणत्या रूपात जास्त चांगले, यावर मी माझ्याशीच अजून भांडतो आहे.